आडपडद्याचें बोलणें

(मननासाठीं शास्त्रभाग : मत्तय ५:३३–३७, निर्गम ३२:२१–२४, योहान ९:१८–२५)



डोंगरावरील प्रवचनांत खून, व्यभिचार, सूड यांसारख्या भारी पापांविषयीं बोलत असतां आपल्या प्रभूनें मध्येंच अशा एका गोष्टीला हात घातला आहे कीं, जिला आपण सहसा पाप म्हणतच नाहीं. ती गोष्ट म्हणजे आपलें रोजचें बोलणें. शपथेच्या टेकूची गरजच पडूं नये इतकें तुमचें साधें बोलणें भरंवशाचें असावें, आणि होकार व नकार यांच्यामध्यें तिसरी चोरवाट तुम्हीं ठेवूं नये, असा त्याच्या आज्ञेचा आशय आहे.

ही आज्ञा कां द्यावी लागली? त्या काळच्या कित्येक शास्त्र्यांनीं व परूश्यांनीं शपथांच्या पायऱ्या ठरविल्या होत्या. मंदिराची शपथ घेतली तर ती बांधीत नाहीं, मंदिरांतील सोन्याची घेतली तर बांधते; वेदीची शपथ सुटते, वेदीवरील अर्पणाची सुटत नाहीं; असा तो हिशेब मत्तयाच्या २३ व्या अध्यायांत आपणांस वाचावयास मिळतो. यांतील हेतु उघड आहे. ऐकणाऱ्याला वाटावें कीं यानें वचन दिलें, आणि बोलणाऱ्याला मनांत ठाऊक असावें कीं आपण कांहींच दिलें नाहीं. प्रभूनें प्रहार केला तो शब्दाच्या आड लपण्याच्या या युक्तीवर.

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्यें तोंडावर धडधडीत खोटें बोलणारीं माणसें फार नाहींत, हें आम्ही आनंदानें कबूल करितों. परंतु खरें व खोटें यांच्या मधल्या बांधावरून चालणारीं माणसें किती आहेत? उसने पैसे केव्हां देतां असें विचारलें तर ‘होईल कीं’. उद्यां कामाला येतां का असें म्हटलें तर ‘बघूं, जमेल तसें’. पंचांपुढें मत विचारलें तर ‘माझें काय, सर्वांचें तें माझें’. मुलगा दारूच्या नादीं लागला असें कानावर घातलें तर ‘संगतीचा परिणाम, दुसरें काय’. यांतील एकही वाक्य पकडून ‘हें असत्य आहे’ असें कोणाला सिद्ध करितां येणार नाहीं. हीच तर त्यांची सोय आहे!

मराठींत अशा बोलण्याला ‘नरो वा कुंजरो वा’ असें म्हणतात. ती म्हण ज्या कथेवरून पडली ती आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकली आहे. द्रोणाचार्य रणांत आवरेनासे झाले तेव्हां भीमानें अश्वत्थामा नांवाचा हत्ती मारून अश्वत्थामा मेला असा पुकारा केला. द्रोणांच्या पुत्राचें नांवही तेंच होतें. बापाचा विश्वास एकट्या धर्मराजावर होता, म्हणून त्यांनीं त्यालाच विचारलें. धर्मराजानें नांव मोठ्यानें घेतलें, आणि हत्तीचा उल्लेख ऐकूं जाणार नाहीं अशा स्वरांत केला. तोंवर भूमीपासून चार बोटें वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणीं खालीं टेकला, असें कथा सांगते. आणि हें दुसऱ्यांच्या घरचें उदाहरण म्हणून आपण नाक वर करूं नये, कारण आपल्या विश्वासाचा बाप जो अब्राहाम त्याचीही गोष्ट अशीच आहे. गरारांत त्यानें सारेला आपली बहीण म्हणून सांगितलें. ती त्याच्या बापाची कन्या होती, आईची नव्हे, म्हणजे तोंडचा शब्द खरा होता. परंतु ती आपली बायको आहे एवढेंच नेमकें त्यानें गिळलें, आणि त्यापायीं अबीमलेख राजाचें सारें घराणें संकटांत पडलें. मग त्या परक्या राजानें देवाच्या मित्राला जाब विचारला, आणि त्याचा जाब रास्त होता. तात्पर्य, उच्चारलेला शब्दन् शब्द खरा असूनही मनुष्य अपराधी होऊं शकतो. खरेपणा केवळ जिभेवर मोजला जात नाहीं. ऐकणाऱ्याच्या मनांत आपण जाणूनबुजून काय उतरविलें त्यावरही तो मोजला जातो.

येथें कोणी म्हणेल, ‘मग सौम्य बोलणें सर्व पापच कीं काय? सर्वांनीं दगड मारल्यासारखें बोलावें काय?’ नव्हे. आपल्या भाषेंत कितीतरी आडवळणाचे शब्द आहेत, आणि ते निर्दोष आहेत. निघतांना आपण ‘जातों’ न म्हणतां ‘येतों’ म्हणतों. बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ म्हणतात. नारळ फोडण्याला ‘वाढविणें’ म्हणतात. रात्रीं सापाचें नांव न घेतां ‘जनावर’ म्हणतात, आणि कोणाला साप चावला तर ‘पान लागलें’ म्हणतात. ज्या भयंकर रोगाचा भारतांतील शेवटचा रोगी १९७५ सालीं सांपडला, आणि जो १९८० सालीं साऱ्या जगांतून गेल्याचें जाहीर झालें, त्याला आपले वाडवडील ‘देवी’ म्हणत. या शब्दांनीं कोणी फसला काय? ‘येतों’ हा शब्द ऐकून पाहुणा दारांतच उभा राहील असें कोणी समजत नाहीं. ‘पान लागलें’ अशी हांक ऐकून कोणी विड्याचें पान शोधीत बसत नाहीं. लोक गाडी काढून दवाखान्याकडे धांवतात.

तर कसोटी ही आहे : आपलें बोलणें संपल्यावर, समोरच्याला जें कळणें अवश्य होतें तें कळलें कीं नाहीं? कळलें असेल, तर शब्द मऊ असो वा कठीण, तें सरळ बोलणें झालें. कळूं नये म्हणूनच शब्द योजला असेल, तर तो कितीही गोड असो, तें आडपडद्याचें बोलणें झालें.

या कसोटीनें शास्त्रांतील दोन गोष्टी नीट उलगडतात. नाथान संदेष्टा दावीदाकडे गेला तेव्हां त्यानें एकदम आरोप केला नाहीं. गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. परंतु ती वाट वळसा घेऊन शेवटीं दावीदाच्याच दारापाशीं आली, आणि तो अपराधी मनुष्य तूंच आहेस असें नाथानानें राजाच्या तोंडावर सांगितलें. आडपडद्याचें बोलणें याच्या उलट असतें. तें दारापासून दूर नेतें. दुसरी गोष्ट मत्तयाच्या २१ व्या अध्यायांत आहे. मुख्य याजकांना प्रभूनें विचारलें कीं, योहानाचा बाप्तिस्मा कोठून होता? त्यांनीं आपसांत बेरीज–वजाबाकी केली : स्वर्गाकडून म्हटलें तर आपण अडकतों, मनुष्यांकडून म्हटलें तर लोकांची भीति; आणि मग आम्हांला ठाऊक नाहीं असें उत्तर दिलें. तें अज्ञान नव्हतें. अज्ञानाचें सोंग होतें. प्रभूनेंही त्यांना पुढें उत्तर दिलें नाहीं. पण कसें? मीही तुम्हांला सांगत नाहीं, असें उघड बजावून. येथें आपण एक मोठी गोष्ट शिकावी. प्रत्येक प्रश्नाचें उत्तर देण्यास ख्रिस्ती मनुष्य बांधलेला नाहीं. दुसऱ्याचें गुपित राखणें, कोणाच्या अब्रूवर पांघरूण घालणें, हीं प्रीतीचीं कामें आहेत. तेव्हां ‘हें मी सांगणार नाहीं’ असें म्हणावें; तें सरळ बोलणें आहे. ठाऊक असून ‘ठाऊक नाहीं’ म्हणणें हें मात्र याजकांच्या पंक्तीला बसणें आहे.

योहानाच्या ९ व्या अध्यायांत एकाच घरांतील दोन प्रकारचीं उत्तरें आपणांस दिसतात. जन्मांध मुलाला दृष्टि आल्यावर त्याच्या आईबापांना बोलावून विचारलें. त्यांनीं मुलगा आपला आहे व जन्मतः आंधळा होता इतकें कबूल केलें. पण तो कसा पाहूं लागला हें आम्हांस माहीत नाहीं, तो वयांत आला आहे, त्यालाच विचारा, असें सांगून अंग काढून घेतलें. कां? येशूला ख्रिस्त म्हणणाराला सभास्थानांतून बाहेर घालविण्याचें ठरलें होतें, म्हणून. तेंच मुलाकडे पाहा. त्याला शास्त्र येत नव्हतें, वाद येत नव्हता. जें ठाऊक नाहीं तें नाहीं म्हणाला. जें ठाऊक आहे तें एकच, पण ठाम, सांगितलें : पूर्वी आपण आंधळे होतों, आतां पाहतों. त्यासाठीं त्याला बाहेर घातलें, आणि बाहेर त्याला प्रभु भेटला. आईबाप सभास्थानांत राहिले. पण त्या दिवशीं प्रभूची भेट त्यांना झाली असें शास्त्रांत कोठें लिहिलेलें नाहीं.

आतां अहरोनाकडे वळूं. त्यानें लोकांकडून सोन्याचीं कुंडलें मागून घेतलीं आणि कोरणीनें वासरूं घडविलें, असें निर्गमाच्या ३२ व्या अध्यायाच्या आरंभीं स्पष्ट सांगितलें आहे. परंतु मोशेनें विचारल्यावर तो काय सांगतो? लोक दुष्टपणाकडे वळलेले. त्यांनीं सोनें दिलें. आपण तें अग्नींत टाकलें. आणि हें वासरूं बाहेर आलें! जणूं अग्नीलाच मूर्ति घडविण्याची कला येत होती. वाचकहो, हंसूं नका, कारण अहरोनाचें हें व्याकरण आपल्या घराघरांत चालू आहे. ‘मीं घागर फोडली’ असें कोणी म्हणत नाहीं; ‘घागर फुटली’ म्हणतात. ‘मीं पैसे खर्च केले’ असें नव्हे. ‘पैसे खर्च झाले’. ‘मीं त्याला शिवी दिली’ असें नव्हे. ‘बोलण्यांत शब्द गेला’. हा भाषेचा दोष नव्हे. जी घागर खरोखरच आपोआप फुटली तिच्याविषयीं असेंच बोलावयाचें. परंतु ज्या कामाला कर्ता आहे त्याच्या वाक्यांतून कर्ता पळून गेला, तर समजावें कीं कोणीतरी लपलें आहे.

शौल राजाचें बोलणें तर शाळेंत उदाहरण म्हणून फळ्यावर लिहावें असें आहे. अमालेक्यांचें कांहींही राखूं नये अशी त्याला आज्ञा होती. त्यानें उत्तम मेंढरें व बैल राखले. शमुवेल आला तेव्हां कळप ओरडत होते. शौलाचा जबाब १ शमुवेल १५ मध्यें नीट वाचा. जनावरें आणिलीं तीं ‘त्यांनीं’. तीं राखलीं तीं ‘लोकांनीं’. पण बाकीच्यांचा नाश केला तो मात्र ‘आम्हीं’! चांगलें तेवढें आपलें, वाईट तेवढें लोकांचें. आणि वर पुन्हां, हें सारें देवाला यज्ञ करावा म्हणूनच होतें, असा धर्माचा रंग. मेंढरांचें ओरडणें मात्र त्याच्या शब्दांनीं थांबलें नाहीं. आपल्याही मागें मेंढरें ओरडत असतात, हें लक्षांत ठेवूं या. मंडळीच्या देणगीचा हिशेब वर्षानुवर्षें वाचला जात नाहीं, आणि विचारलें तर ‘हिशेब तयार होत आहे’, ‘कांहीं पावत्या यावयाच्या आहेत’ असें उत्तर मिळतें. पैसे कोणाकडे आहेत, किती आहेत, आणि कोणत्या दिवशीं हिशेब मांडणार, या तीन प्रश्नांना तीन सरळ वाक्यें पुरतात. तीं मिळत नसतील, तर कळप ओरडत आहे.

हें पाप घरापुरतें व मंडळीपुरतें नाहीं. राज्यकारभारांत शिरलें म्हणजे त्याचीं फळें भयंकर होतात. गेल्या शतकाच्या मागल्या शतकांत मोठ्या दुष्काळांनंतर १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून इंग्रज सरकारनें दुष्काळाचे नियम तयार केले. एकदां ‘दुष्काळ’ असें जाहीर केलें म्हणजे कामें काढणें, अन्न पुरविणें, अशा जबाबदाऱ्या त्या नियमांप्रमाणें सरकारवर पडत. १९४३ सालीं बंगालमध्यें माणसें रस्त्यांवर पडून मरूं लागलीं, तरी त्या नियमांप्रमाणें दुष्काळ रीतसर जाहीर झालाच नाहीं. कारण तो शब्द उच्चारला असता तर त्याबरोबर येणारें कर्तव्यही उचलावें लागलें असतें. १९४५ च्या चौकशी आयोगानें मृतांचा आंकडा सुमारें १५ लाख धरला. पुढील अभ्यासकांनीं तो ३० लाखांच्या आसपास नेला आहे. एका शब्दाच्या अभावानेंच हीं सर्व माणसें मेलीं असें आम्ही म्हणत नाहीं. युद्ध, महागाई, साठेबाजी, रोगराई, हीं कारणेंही होतीं. परंतु संकटाला त्याच्या नांवानें हांक मारली असती, तर मदतीच्या दाराची एक कडी तरी निघाली असती.

आपल्या महाराष्ट्राचीही एक आठवण आहे. १९६३ सालीं राज्यानें कायदा करून ‘दुष्काळ’ या अर्थाचा इंग्रजी शब्द राज्यांतील कायद्यांतून काढून टाकला, आणि त्या जागीं ‘टंचाई’ या अर्थाचा शब्द घातला. पुढें ९ वर्षांनीं १९७२ चा दुष्काळ पडला. त्या वेळीं सरकारनें मोठ्या प्रमाणावर कामें काढलीं व लाखो हात खडी फोडण्यास लागले, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण ज्यांनीं तो उन्हाळा काढला त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा. तो ‘दुष्काळ’च होता, ‘टंचाई’ नव्हे. पुढें ‘दुष्काळसदृश परिस्थिति’ असाही एक शब्द कचेऱ्यांतून निघाला. विहीर कोरडी पडलेल्या बाईला ‘सदृश’ या शब्दाचा अर्थ काय सांगणार? कागदावरील शब्द बदलल्यानें आभाळ बदलत नाहीं.

सरकारला बोल लावणें सोपें आहे. म्हणून आतां आम्ही आमच्याच अपराधाकडे येतों. हें लिहावें कीं न लिहावें, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. परंतु ज्या विषयावर उपदेश करावयाचा त्याच विषयांत स्वतः लपून राहणें शोभत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वी शेजारच्या गांवची एक विधवा बहीण आमच्याकडे आली. तिची मुलगी बारावी उत्तीर्ण झाली होती, आणि एका संस्थेंत परिचारिकेच्या शिक्षणासाठीं तिनें अर्ज केला होता. ‘साहेब, माझ्या लेकीचें होईल का?’ एवढेंच त्या बहिणीनें विचारलें. त्याच दिवशीं सकाळीं निवडीची यादी आमच्या डोळ्यांखालून गेली होती, आणि तींत त्या मुलीचें नांव नव्हतें. हें आम्हांस ठाऊक होतें. यादी एक–दोन दिवसांत फळ्यावर लागणार होती, आणि आगाऊ सांगण्यास आम्हांस कोणाची मनाई नव्हती. पण तिचा चेहरा पाहून आमचें धैर्य खचलें. आम्ही म्हणालों, ‘पाहूं, बाई. प्रार्थनेंत ठेवूं. प्रभूची इच्छा असेल तसें होईल.’ ती हात जोडून समाधानानें गेली. पाळकांनीं मनावर घेतलें आहे, असा तिनें अर्थ केला. आणि तसा अर्थ तिनें करावा अशीच आमच्या शब्दांची ठेवण होती.

त्या वेळीं दुसऱ्या एका ठिकाणीं अर्ज घेण्याची मुदत आठ दिवस उरली होती. तिनें तेथें अर्ज केला नाहीं. फळ्यावर यादी लागली तेव्हांही, पाळकसाहेब मागाहून कांहीं करतील, अशी आशा धरून ती थांबली. महिन्यानें तिची आशा सुटली. पुढल्या रविवारीं उपासना झाल्यावर मंदिराच्या दारांत तिनें आम्हांस विचारलें, ‘साहेब, मी आलें होतें त्या दिवशीं तुम्हांला ठाऊक होतें का?’ वाचकहो, त्या क्षणींही ‘थोडीशी कल्पना होती’ असे शब्द आमच्या ओठांवर आले होते. पापाची संवय अशी असते कीं, एक आडपडदा उघडा पडूं लागला कीं मनुष्य दुसरा शोधतो. देवाच्या कृपेनें तेवढ्या वेळीं आम्हांस सांवरतां आलें, आणि आम्ही म्हणालों, ‘होय, ठाऊक होतें.’ ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘त्याच दिवशीं नाहीं म्हटलें असतें तर मी रडलें असतें, साहेब, पण दुसऱ्या दिवशीं दुसरीकडे गेलें असतें.’

मुलीचें एक वर्ष गेलें. पुढल्या वर्षीं तिला दुसरीकडे प्रवेश मिळाला, ही देवाची दया. आमच्या ‘पाहूं’चें तें फळ नव्हे. आम्ही तिच्या घरीं जाऊन क्षमा मागितली, आणि तिनें केली. परंतु तिचें तें वाक्य आम्हांस आजपर्यंत विसरतां आलें नाहीं. तिच्या रडण्याची आम्हांस दया आली असें आम्ही त्या दिवशीं समजत होतों. खरें पाहतां आम्हांस दया आली होती ती स्वतःची. तिचे अश्रु पाहण्याचा प्रसंग आम्हांस नको होता. आमचा पाव घटकेचा संकोच वांचावा म्हणून आम्हीं तिच्या लेकीचें वर्ष खर्चिलें.

म्हणून धार्मिक शब्दांविषयीं आम्ही येथें विशेष सावध करूं इच्छितों. ‘प्रार्थना करूं’, ‘प्रभूची इच्छा’, ‘देव मार्ग काढील’ हे शब्द पवित्र आहेत. आणि पवित्र असल्यामुळेंच लपण्यास फार सोयीचे आहेत. ‘प्रार्थना करूं’ असें म्हणून जो खरोखर गुडघे टेकितो तो धन्य. पण ‘नाहीं’ म्हणवत नाहीं म्हणून जो ‘प्रार्थना करूं’ म्हणतो, तो देवाच्या नांवाचा पडदा करून आपल्या दाराला लावतो. त्याचप्रमाणें कोणाची चहाडी करावयाची तर ‘त्यांच्यासाठीं विशेष प्रार्थनेची गरज आहे बरें का’ असा आरंभ करण्याची रीतिही कित्येक सभांतून पडत आहे. देवाचें नांव व्यर्थ घेण्याचा हाही एक प्रकार आहे, असें आम्हांस वाटतें.

या सर्वांचें मूळ कोठें आहे? बहुतेक भीतींत आहे. आईबापांना सभास्थानाची भीति, याजकांना लोकांची भीति, अहरोनाला मोशेच्या रागाची भीति, आणि आम्हांस एका विधवेच्या अश्रूंची भीति. पौलानें इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायांत सत्य व प्रीति हीं एकाच जुंवाला जोडलीं आहेत. एक बैल सोडला तर गाडी वांकडी जाते. प्रीतीवांचून सत्य बोलणारा मनुष्य दुसऱ्याला घायाळ करून ‘मी बुवा स्पष्टवक्ता’ म्हणून मिरवतो. तोही या उपदेशानें निर्दोष ठरत नाहीं. आणि सत्यावांचून प्रीति दाखविणारा शेवटीं प्रीतिही गमावतो, कारण त्याच्या गोड शब्दावर कोणी विसंबेनासें होतें. ज्याच्या ‘नाहीं’वर विश्वास ठेवतां येतो, त्याच्याच ‘होय’ला किंमत असते.

सरळ बोलण्यानें काय होऊं शकतें याची साक्ष ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासांत आहे. १६५० च्या सुमारास इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स याच्या उपदेशानें जो क्वेकर पंथ निघाला, त्याच्या लोकांनीं डोंगरावरील प्रवचनांतील ही आज्ञा अक्षरशः पाळण्याचें ठरविलें. न्यायासनापुढें ते शपथ घेईनात. शपथेवर खरें बोलावयाचें म्हणजे एरवीं खोटें चालतें असा अर्थ होतो, असें त्यांचें म्हणणें होतें. यासाठीं त्यांच्यांतील पुष्कळांनीं तुरुंगवास भोगला. शेवटीं १६९५ सालीं झालेल्या कायद्यानें त्यांना शपथेऐवजीं साधी प्रतिज्ञा करण्याची मुभा मिळाली. आज आपल्या देशांतही १९६९ च्या शपथांच्या कायद्याप्रमाणें न्यायालयांत साक्षीदाराला शपथ न घेतां सत्यप्रतिज्ञा करितां येते. हेच लोक दुकानांतही घासाघीस करीत नसत. जी किंमत घ्यावयाची तीच आरंभीं सांगत. चढी किंमत सांगून मग उतरणें हें त्यांना दोनदां बोलल्यासारखें वाटे. प्रथम गिऱ्हाइकांना हें चमत्कारिक वाटलें. परंतु पुढें लहान मुलाला पैसे देऊन क्वेकराच्या दुकानीं पाठविलें तरी तें फसत नाहीं असा लोकांचा अनुभव झाला, आणि त्यांचा व्यापार वाढला. बाजाराच्या दिवशीं आपल्या मंडळींतील भाजी विकणाऱ्या बहिणींनीं आणि कोंबड्या–बकरीं विकणाऱ्या बंधूंनीं या गोष्टीचा विचार करावा.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगून आम्ही आटोपतों. पहिली : ‘पाहूं’ हा शब्द खरोखर पाहावयाचें असेल तेव्हांच उच्चारावा, आणि त्याबरोबर दिवस सांगावा. ‘पाहूं, बुधवारीं सांगतों’ हें सरळ बोलणें आहे. आणि बुधवारीं न विचारतां आपण होऊन सांगावें. दुसरी : ‘नाहीं’ म्हणावयाचें असेल तर लवकर म्हणावें. उशिरां मिळालेला नकार दुप्पट जड असतो, कारण त्यांत वाट पाहण्याचे दिवसही मोजावे लागतात. तिसरी : चूक कबूल करितांना वाक्यांत ‘मीं’ हा शब्द घालावा. ‘झालें असेल तर क्षमा असावी’ ही क्षमायाचना नव्हे. ‘मीं केलें, क्षमा करा’ ही होय. चौथी : सोयरीक जुळवितांना मुलाचें व्यसन, मुलीचें आजारपण, घरावरील कर्ज, हीं ‘तसें किरकोळ आहे’ या शब्दाखालीं झांकूं नयेत. लग्नापूर्वीं ऐकलेलें सत्य एखादी सोयरीक मोडील. लग्नानंतर कळलेलें सत्य एखादें घर मोडतें. पांचवी : लहान मुलांशीं खरें बोलावें. ‘उद्यां आणूं’ म्हणून रोज रडणें थांबविणारा बाप मुलाला एकच गोष्ट शिकवितो, ती ही कीं, मोठ्या माणसांच्या ‘उद्यां’ला अर्थ नसतो, आणि पुढें तेंच मूल स्वर्गीय बापाच्या वचनांविषयींही साशंक झालें तर दोष कोणाचा?

शेवटीं प्रभूकडे पाहूं. ज्या रात्रीं त्याला धरलें त्या रात्रीं खोट्या साक्षींपुढें तो उगाच राहिला. परंतु प्रमुख याजकानें, तूं ख्रिस्त आहेस काय, असा सरळ प्रश्न केला तेव्हां त्यानें सरळ होकार दिला, असें मार्काच्या १४ व्या अध्यायांत आहे. त्या होकाराची किंमत वधस्तंभ आहे हें त्याला ठाऊक होतें. एक मोघम शब्द बोलून त्याला सुटतां आलें असतें काय, हें आम्ही जाणत नाहीं. त्यानें तसा शब्द शोधला नाहीं, इतकें जाणतों. त्याच रात्रीं बाहेर अंगणांत शेकोटीपाशीं त्याचा शिष्य, तूं काय म्हणतेस तें मला कळत नाहीं, असें एका दासीला सांगत होता. पेत्राच्या नाकारण्याचा आरंभ या न समजल्याच्या सोंगापासून झाला. शेवट शापाशपथांत झाला. आडवाटेवरचें पहिलें पाऊल लहान असतें, पण ती वाट तेथें थांबत नाहीं. तरी त्या पेत्रालाही प्रभूनें टाकलें नाहीं. उठल्यानंतर त्यानें त्याला तीनदां सरळ प्रश्न विचारला, आणि तीनदां सरळ उत्तर देण्याची संधि दिली.

करिंथकरांस दुसरें पत्र लिहितांना पौल सांगतो कीं, ख्रिस्त हा देवाच्या सर्व वचनांचा होकार आहे. ज्या देवानें आपल्याशीं ‘होईल कीं’, ‘पाहूं’ असें बोलणें केलें नाहीं. ज्यानें पापाला पाप म्हटलें आणि क्षमेला क्षमा म्हटलें. त्याच्या लेकरांचें बोलणेंही बापासारखें असावें. या आठवड्यांत आपल्यापैकीं प्रत्येकाच्या मनांत असें एक तरी उत्तर अडकून राहिलें असेल कीं, जें कोणीतरी आपल्याकडून ऐकण्याची वाट पाहत आहे. तें कोणतें, हें ज्याचें त्याला ठाऊक आहे. पुढील रविवारच्या आंत त्या मनुष्याकडे जाऊं या, आणि होय असेल तर होय, नाहीं असेल तर नाहीं, प्रीतीनें सांगूं या. सत्याचा आत्मा आपणां सर्वांस यासाठीं धैर्य देवो. आमेन.